इंजिनाच्या पायाचे रबर

देवासला मामांची जुनी मोटार उभी असतानाच थरथरे. क्लच सोडताच खालून धक्का बसे. ‘इंजिन संपले, गाडी विका,’ असा सल्ला त्यांना मिळाला होता. दोष निघाला तो इंजिन ज्यावर टेकते त्या माउंटिंगमध्ये. मिस्त्री त्यालाच ‘फाउंडेशन’ म्हणतात. धातूला घट्ट चिकटवलेले हे रबर इंजिनाचा भार पेलते व कंपने गिळते. उष्णतेने आणि तेलाने ते चिरते.

हे काम घरी होण्याजोगे आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, बॅटरीची ऋण वायर सोडावी. तेलटाकीखाली जाड फळी ठेवून जॅक भार घेईल इतकाच चढवावा. फळीवाचून टाकी चेपते. एका वेळी एकच माउंटिंग काढावे, नाहीतर इंजिन सरकते. जॅकवरच्या इंजिनाखाली हात कधीही घालू नये. बोल्ट आधी हाताने बसवून, जॅक उतरवल्यावरच आवळावेत.

धार जिल्ह्यात पीथमपूरला मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा मार्ग २०२१ साली खुला झाला. आमची चाचणी इंदूरमार्गे धारला मावशीकडे जाताना झाली. वाणिज्य शाखेत आम्ही घसारा सबंध यंत्रावर लावतो. इथे झिजले होते मूठभर रबर. मामांनी गाडी विकली नाही.