लाकडाचा भुसा आणि पोराचा खोकला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या भागात तान्हा पोळा भरतो. मुले सजवलेले लाकडी नंदी मिरवतात आणि घरोघरी बोजारा मागतात. पण हे नंदी घडविणाऱ्या सुताराच्या घरी त्याआधीचे दोन महिने काय चालते, याचा विचार आपण क्वचितच करतो. मीही केला नव्हता.

साकोली तालुक्यातील एक सुतार आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे येत असे. "साहेब, पोराचा खोकला जाऊन नाही राहिला जी," ही नेहमीची तक्रार. रात्री छातीत घरघर होई, दम लागे. सलग दोन पावसाळे मी ओल आणि सर्दीला दोष देऊन औषधे लिहून दिली. तिसऱ्या वर्षी मुलाची आई सहज बोलून गेली, "पोळा झाला का आपोआपच बरा वाटते जी." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात काय काम चालते, हा साधा प्रश्न मी दोन वर्षांत विचारलाच नव्हता. चूक माझी होती.

घरी जाऊन पाहिले. उन्हाळ्यात काम अंगणात चाले. पाऊस लागला की ते छपरीत येई आणि सरीमुळे दारखिडक्या बंद राहत. पलीकडच्याच खोलीत सारे निजत. फळीवर, पाण्याच्या गुंडावर, मुलाच्या अंथरुणावर पिवळसर भुकटीचा थर होता.

लाकडाची सगळी धूळ सारखी नसते. वाकस आणि रंध्याचे छिलपे जड असतात, ते खाली पडतात. करवतीचा जाड भुसा नाकात अडकतो, शिंकेबरोबर बाहेर पडतो. पण पॉलिश पेपरने घासताना किंवा विजेच्या यंत्राने निघणारी बारीक भुकटी बराच वेळ हवेत तरंगते आणि थेट फुप्फुसात उतरते. नंदीची पाठ गुळगुळीत होते ती नेमकी याच कामाने. या भुकटीने दमा उद्भवतो, असलेला वाढतो. साग आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या हातांना खाज सुटते, पुरळ येते.

आणखी एक गोष्ट जाणून घ्या. ब्रिटनमधील हाय वायकोम्ब हा भाग खुर्च्या बनविण्यासाठी प्रसिद्ध. तेथील फर्निचर कारागिरांमध्ये नाकाचा एक विशिष्ट कर्करोग फार जास्त आढळतो, हे १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगास कारणीभूत असल्याचे जाहीर केले. हा रोग दुर्मीळ आहे आणि बहुधा अनेक वर्षे धूळ नाकात गेल्यावर होतो. तेव्हा घाबरून धंदा सोडू नका, धूळ सोडा. त्यासाठी पुढील गोष्टी पाळा.

१. घासकाम शक्यतो घराबाहेर, पत्र्याच्या शेडखाली करा. आतच करावे लागले तर दार-खिडकी उघडी ठेवा आणि मधले दार बंद करा. तिथे मुलांना झोपवू नका.

२. कोरड्या झाडूने झाडू नका. खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा हवेत उडते. आधी यंत्राची पिन काढा, जमिनीवर पाणी शिंपडा, मग झाडा. फळ्या ओल्या फडक्याने पुसा. कपड्यांवरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका.

३. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. घासताना एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवा. करोनाच्या काळात तो सर्वांच्या ओळखीचा झाला आहे.

४. काम संपल्यावर कपडे बदला, हातपाय धुवा आणि मगच मूल उचला.

५. भुशाजवळ बिडी ओढू नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. त्या पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळ्या पसरून वाळवा. प्लायवूडचे तुकडे चुलीत घालू नका. त्यातील गोंदाचा धूर घातक असतो.

६. लाकडाचा ढीग भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच रचा. पावसाळ्यात साप-विंचू तिथेच आसरा घेतात. हात घालण्यापूर्वी काठीने हलवा.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तो क्षयही असू शकतो. एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा तिच्यातून वारंवार रक्त येत असेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपला धंदा कोणता हे स्वतःहून सांगा.

त्या सुताराने सांदवाडीत चार खांबांवर पत्रे टाकले. खर्च झाला, कुरकूरही झाली. मुलाला श्वासातून घ्यायचा पंप सुरू केला. दमा मुळापासून गेला असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतरच्या श्रावणात तो रात्रभर झोपला, आणि तान्ह्या पोळ्याला बापाने घडविलेला नंदी घेऊन बोजारा मागायला माझ्या दारीही आला.