बॉनेटखालचा संसार

घरात नवा मिक्सर आला की त्याबरोबरचं पुस्तक आपण निदान एकदा तरी चाळतो. कुकरची रिंग सैल झाली तर नुसत्या आवाजावरून ओळखतो. दारातल्या काही लाखांच्या मोटारीचं पुस्तक मात्र पुढच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढता पडून असतं! मुलांना क्लासला सोडणं, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, भाजी, बँक, सगळीकडे आता आपण स्वतः गाडी घेऊन जातो. पण बॉनेट उघडायची वेळ आली, की 'ते ह्यांचं खातं' म्हणून आपण मोकळ्या. खरं सांगायचं तर पुष्कळ 'ह्यांना'ही त्यातलं फारसं कळत नसतं. ते कमरेवर हात ठेवून आत बघतात, इतकंच.

गंमत अशी, की मोटारीतून पहिला लांबचा प्रवास केला तो एका गृहिणीनेच. जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं, पण ती घ्यायला गिऱ्हाईक धजेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था यांनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्झहाइमला, आपल्या आईकडे निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन घेतलं औषधाच्या दुकानातून, आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. माहेरची ओढ काय काय करवून घेते पाहा!

असो. आपल्याला पिन काढायची वेळ येणार नाही, पण आत काय चाललंय ते कळायला हरकत नाही. इंजिनात पेट्रोल जळतं, त्यातून गाडीला ताकद मिळते आणि त्याहून जास्त मिळते ती उष्णता. ही उष्णता बाहेर न्यायला कूलंट मिसळलेलं पाणी इंजिनाभोवती सतत फिरत असतं. तापलेलं पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येऊन निवतं आणि परत आत जातं. सगळं झाकण घट्ट लावून, दाबाखाली. थोडक्यात, कुकरच. म्हणून तर ते पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. मात्र झाकण काढलं की क्षणात वाफेचा लोट उठतो.

गेल्या मे महिन्यात माझी मावसबहीण मुलं नि सासूबाईंना घेऊन कुंभार्ली घाट चढत होती. तापमानाचा लाल दिवा लागला. (कित्येक नव्या गाड्यांत काटा नसतोच, नुसता दिवा.) तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब बसवलं. एक ट्रकवाले मदतीला आले. भले गृहस्थ, पण फडकं घेऊन थेट झाकणालाच हात घालू लागले. ही म्हणाली, "दादा, थांबा. कुकर उतरवल्याबरोबर झाकण काढतो का आपण?" तासभर सगळे सावलीत बसून राहिले. नंतर पाहिलं तर एक रबरी पाइप चिरला होता. चिपळूणहून मेकॅनिक आला, पाइप बदलला, काम भागलं. 'माथ्यापर्यंत तरी जाऊ' म्हणून तशीच दामटली असती, तर इंजिन खोलायची पाळी आली असती.

तेव्हा आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, कूलंटच्या पांढुरक्या बाटलीकडे नजर टाका. तिच्यावर दोन खुणा असतात, पातळी त्यांच्यामध्ये हवी. वरचेवर कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. भर घालत बसू नका, दाखवून घ्या.

तेलाचंही तसंच. सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने पट्टी ओढा, पुसा, परत घाला, मग वाचा. "ताई, तेल काळं झालंय, बदलावं लागेल," असं गॅरेजमध्ये ऐकवतात. काळं तर ते थोड्याच दिवसांत होतं, त्यात वावगं काही नाही. दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी शिरलंय, गाडी हलवू नका. तेल कधी बदलायचं ते पुस्तकात असतं. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. 'गाडी फारशी चाललीच नाही' ही सबब तिथे चालत नाही. आणि तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर घर दोन मिनिटांवर असलं तरी थांबायचं.

ब्रेकच्या बाबतीत आपण फार गाफील असतो. पायाचा दाब चाकापर्यंत पोचवतो तो ब्रेकचा द्रव. तो हवेतला ओलावा शोषतो. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की तो तापतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि पायाखालचं पेडल एकाएकी मऊ पडतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी तो बदलायचा, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांना सांगा, आताच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पेट्रोल आपणहून बंद करतात. इंजिनच बंद करून उतरणं तर भयंकर, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

टायरमधली हवा गाडी तापण्याआधी भरावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिकटपट्टीवर असतो. हवा कमी असली की टायर तापतो, आणि हमरस्त्यावर फुटतो तो बहुधा असाच. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नवा म्हणून घेताना तेवढं वाचा. स्टेपनीतही हवा भरायला सांगा, पंपवाला आपणहून भरत नाही. जॅक बहुतेक डिकीतल्या चटईखाली असतो, आणि त्यावर मागच्या दिवाळीपासून आपणच रद्दीचे गठ्ठे ठेवलेले असतात.