जलविरोधी तैलशोषक पदार्थ

पाण्याने न भिजणारे, परंतु तेल सहज शोषून घेणारे तंतुमय वा सच्छिद्र पदार्थ. पाण्यावर सांडलेले तेल गोळा करणे व कारखान्यांच्या सांडपाण्यातील तेल अलग करणे यांसाठी त्यांचा उपयोग होतो. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस हा नैसर्गिक अवस्थेत अशाच पदार्थांपैकी एक आहे. खामगाव ही या भागातील कापसाची जुनी बाजारपेठ असून तेथील व्यापारासाठी जलंब–खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला.

तत्त्व : २०° से. तापमानास पाण्याचा पृष्ठताण सु. ७३ डाइन/सेंमी., तर बहुतेक खनिज तेलांचा २० ते ३५ डाइन/सेंमी. असतो. त्यामुळे मेणासारख्या अल्प ऊर्जेच्या पृष्ठावर पाण्याचे थेंब बनतात, तेल मात्र पसरते. थेंब व पृष्ठ यांमधील स्पर्शकोन ९०° पेक्षा अधिक असल्यास पृष्ठ जलविरोधी व १५०° पेक्षा अधिक असल्यास अतिजलविरोधी समजतात. अळू व कमळ यांच्या पानांवर मेणाच्या जोडीला सूक्ष्म खडबडीतपणा असतो. त्यातील पोकळ्यांत हवा अडकून राहते व पाणी घरंगळून जाते. कमळाच्या पानाच्या या गुणधर्माचे विवेचन बार्टलोट व नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये केले.

कापूस : कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोजाचा असतो. सेल्युलोज जलस्नेही आहे. परंतु तंतूच्या बाह्य आवरणात वजनाच्या सु. ०·४ ते १ टक्का मेण असल्याने सरकी काढलेली कच्ची रुई पाण्यावर तरंगते. दाहक सोड्याच्या विद्रावात उकळल्यास हे मेण निघून जाते व रुग्णालयात वापरतात तो जलशोषक कापूस मिळतो. साहजिकच तो या कामी निरुपयोगी ठरतो. कच्च्या रुईत तेल तंतूंच्या पृष्ठास चिकटते व तंतूंमधील फटींत केशाकर्षणाने धरून ठेवले जाते.

अपक्व तंतू बारीक असल्याने त्यांचे दर ग्रॅममागील पृष्ठफळ अधिक असते. अमेरिकेतील टेक्सस टेक विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा कमी मायक्रोनेअरच्या (बारीकपणा व पक्वता यांचा निर्देशांक) कच्च्या कापसाने स्वतःच्या वजनाच्या तीसपटींहून अधिक खनिज तेल धरून ठेवले. सूतगिरणीस असा कापूस नको असतो. त्याच्या गाठी होतात व रंग समान बसत नाही. म्हणून शेतकऱ्यास त्याचा भाव कमी मिळतो. तैलशोषणासाठी मागणी निर्माण झाल्यास कोरडवाहू शेतीतील हलक्या मालास मोल येऊ शकेल. तथापि त्यासाठी फरदड घेणे इष्ट नाही; तिच्यामुळे गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र अखंड राहते.

इतर पदार्थ : पांढऱ्या सावरीचा कापूस पोकळ व मेणयुक्त तंतूंचा असतो. कृत्रिम पदार्थांत पॉलिप्रोपिलिनाची न विणलेली वस्त्रे व पॉलियुरेथेनाचे स्पंज प्रचलित आहेत. २००४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी टेफ्लॉनाचा लेप दिलेली धातूची जाळी तयार केली. तिच्यातून तेल गळून जाते व पाणी वर राहते. फ्ल्युओरिनयुक्त काही संयुगे निसर्गात दीर्घकाळ टिकून राहत असल्याने त्यांना पर्याय शोधले जात आहेत.

उपयोग व मर्यादा : ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले. ते किनाऱ्यावरील खारफुटीत शिरले आणि मासेमारीस मोठा फटका बसला. अशा वेळी तेल पातळ थरात पसरण्यापूर्वी त्यास तरंगत्या अडसरांनी वेढणे व त्यानंतर शोषक पदार्थ वापरणे श्रेयस्कर असते. दाट तेल तंतूंत सावकाश शिरते. लाटांनी घुसळून बनलेले पायस अलग करणे कठीण जाते. तेलाने भिजलेला कापूस पिळून काही तेल परत मिळते. उरलेल्याची विल्हेवाट घातक कचऱ्याप्रमाणे लावावी लागते. तो उघड्यावर टाकल्यास पाण्यातील प्रदूषण केवळ जमिनीवर येते.