कबड्डीचे मैदान आणि मोबाइलचा पडदा

पेण आणि रोहा तालुक्यांत कबड्डी गावोगावी खेळली जाते. 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, खेळ टीव्हीवर गाजला आणि पैसे लावून संघ निवडायची अ‍ॅप मोबाइलवर आली.

त्यांतले सर्वाधिक गाजलेले ड्रीम11 मुंबईचेच. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला कौशल्याचा खेळ मानले होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मात्र कौशल्य की नशीब, हा वादच बाजूला ठेवला. नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांवरच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांना बंदी आहे. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणारे आणि पैशांचे व्यवहार करून देणारेही शिक्षेस पात्र आहेत. ड्रीम11ने पैशांच्या स्पर्धा तेव्हाच थांबवल्या.

खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि हे फार योग्य झाले. फसलेल्या तरुणाला तक्रार करताना पोलिसांची भीती वाटता कामा नये.

पैज न लावता स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, म्हणजे ई-स्पोर्ट्सना, मात्र हाच कायदा मान्यता देतो.

परदेशातून चालणाऱ्या बेकायदा अ‍ॅपपर्यंत कायद्याचा हात सहज पोहोचत नाही. तिथे कोणी फसलेच, तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.