भिंतीवरच्या कोळ्याची ओळख: कुठवर आणि कशी

घराच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसला की त्याचे छायाचित्र काढून ‘हा कोणता आणि विषारी आहे का’ असे विचारण्याची, तसेच मोबाइलमधील ॲपने सुचवलेले लॅटिन नाव निमूट मान्य करण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. वस्तुतः कोळी कोणत्या कुळातला हे बहुधा घरबसल्या कळते आणि घरातल्यांच्या काळजीपुरते तेवढे पुरेसेही असते. नेमकी जाती ठरवणे हे मात्र सूक्ष्मदर्शकाचे काम आहे.

बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांची मांडणी कुळागणिक ठरलेली असल्यामुळे रंगापेक्षा डोळ्यांची साक्ष अधिक भरवशाची ठरते. समोर चार डोळे, त्यांतले मधले दोन ठळक मोठे आणि माणूस जवळ येताच तोंड वळवून पाहण्याची सवय, एवढ्यावरून खिडकीतला चिमुकला कोळी ‘साल्टिसिडी’ म्हणजे उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला हे सांगता येते. छताच्या कोपऱ्यात जळमटे करणारा, काडीसारख्या लांब पायांचा कोळी ‘फोल्सिडी’ कुळातला. जाळ्याला धक्का लागताच तो इतक्या वेगाने अंग हलवतो की त्याची आकृतीच धूसर होते, आणि त्याची मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून वावरते.

भीती वाटते ती प्रामुख्याने ‘हेटेरोपोडा व्हेनाटोरिया’ या मोठ्या कोळ्याची. लिनियसने १७६७ मध्ये नोंदवलेली ही जाती आज जगभरच्या उष्ण प्रदेशांतील घरांत आढळते. पाय दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असल्याने हा कोळी तसबिरीमागच्या फटीतही सहज शिरतो. भक्ष्यासाठी जाळे न विणता तो रात्री झुरळांची शिकार करतो. ‘लायकोसिडी’ कुळातल्या, जमिनीवर धावणाऱ्या कोळ्यांशी त्याची गल्लत होते, परंतु त्यांचे डोळे चार, दोन आणि दोन अशा तीन ओळींत असतात. मादीजवळ अंडकोश असेल तर निवाडा आणखी सोपा होतो: हेटेरोपोडाची मादी चपटा अंडकोश छातीखाली धरते, तर लायकोसिडीतली मादी गोल अंडकोश शरीराच्या मागच्या टोकाला चिकटवून नेते.

यापुढची पायरी अवघड आहे. नराच्या तोंडाजवळील ‘पाल्प’ या आखूड उपांगांच्या टोकाची आणि मादीच्या पोटाखालील ‘एपिजाइन’ या जननभागाची रचना पाहूनच बहुतेक जाती निश्चित होतात, आणि हे दोन्ही अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण घडत असल्याने पिलांच्या बाबतीत तज्ज्ञही सहसा कुळावर किंवा प्रजातीवर थांबतात. अशा चिकाटीच्या कामावरच भारतीय कोळीशास्त्र उभे आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुढे संचालक झालेले बी. के. टिकादर यांनी महाराष्ट्र आणि तत्कालीन म्हैसूर राज्यातील कोळ्यांवरचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९८७ मध्ये भारतीय कोळ्यांची हस्तपुस्तिका दिली. पक्षिशास्त्रज्ञांच्या वाट्याला येते तशी घरोघरची कीर्ती मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही.

ॲपची मर्यादाही इथेच उघड होते. त्याला पूर्वी दाखवलेल्या चित्रांतूनच ते निवड करते, त्यामुळे शास्त्राला अद्याप अपरिचित असलेल्या कोळ्यालाही ते एखादे परिचित नाव चिकटवून मोकळे होते. असे कोळी दूरच्या अरण्यातच असतात असे नाही; मुंबई हल्ल्यातील हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालेला उड्या मारणारा कोळी ठाण्यातून २०२१ मध्ये प्रथमच शास्त्रीय नोंदीत आला.

विषाचा प्रश्न मात्र जातीच्या नावावाचूनही सुटतो. बहुतेक कोळ्यांमध्ये भक्ष्यापुरते विष असते, पण वर वर्णिलेल्या चारही गटांतले घरगुती कोळी माणसाच्या जिवाला धोकादायक नाहीत. डिवचलेला हेटेरोपोडा चावल्यास वेदना आणि सूज येते, इतकेच. पावसाळ्यात अंगावर उठणारे जळजळीत चट्टे ‘कोळी फिरला’ म्हणून सांगितले जातात, त्यांपैकी अनेकांचे कारण दिव्याकडे आकर्षित होणारा, केशरी-काळ्या अंगाचा ‘पेडेरस’ हा लहान भुंगेरा असतो; तो चावत नाही, परंतु त्वचेवर चिरडला गेल्यास त्याच्या शरीरातील ‘पेडेरिन’ हे द्रव्य त्वचा भाजून काढते. म्हणून अंगावर बसलेला किडा न चिरडता फुंकरीने उडवावा, चिरडलाच तर ती जागा साबणाने धुवावी आणि चट्टे वाढल्यास डॉक्टरांना दाखवावे. भिंतीवरच्या कोळ्यावर पेला उपडा ठेवून, खाली जाड कागद सरकवून त्याला बाहेर सोडणे, किंवा झुरळांच्या बंदोबस्तासाठी तिथेच राहू देणे, हे चपलेपेक्षा केव्हाही शहाणपणाचे.