घरातला समुद्र : आधी पाणी मोजा, मग दगड

दिवाणखान्यातली माशांची काचपेटी आता नवलाईची राहिलेली नाही. गप्पी, गोल्डफिश झाले की मुले हट्ट धरतात तो नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशाचा. हा मासा मात्र खाऱ्या पाण्यातला. हौसेने टाकी आणली, मीठ कालवले, मासे सोडले आणि आठवड्याभरातच एकेक मासा दगावू लागला, असे अनेक नवशिक्यांचे होते. दोष बहुधा माशांचा नसतो. चुकलेला असतो तो दगड आणि पाणी यांचा हिशेब.

दगड जिवंत कसा?

प्रवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेल्या सच्छिद्र दगडाला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. जिवंत असतात ते त्यात वस्ती करून राहिलेले जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून विषारी अमोनिया तयार होतो. दगडावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्याहून कमी घातक नायट्रेट बनवतात. दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू फारसा पोहोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात. थोडक्यात, हा दगड शोभेची वस्तू नव्हे, टाकीचे मूत्रपिंडच आहे.

मग भरपूर दगड का भरू नयेत? कारण दगड जितका वाढेल तितके पाणी घटते. कमी पाणी लवकर तापते, लवकर बिघडते. दगडांच्या गर्दीत प्रवाह अडतो आणि सांदीकोपऱ्यांत घाण कुजत राहते.

हिशेब असा मांडा

टाकीची आतली लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. ९० × ४५ × ४५ ची टाकी १८२ लिटरची भरते. पण वरची पाच सेंटिमीटर रिकामी ठेवली की २० लिटर गेले. तळाशी पाच सेंटिमीटर वाळू घातली की आणखी सुमारे १० लिटर गेले. दगडांनी समजा १० लिटर जागा घेतली, तर खरे पाणी उरते सुमारे १४० लिटर! समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १८२ लिटरच्या हिशेबाने टाकीत ६.४ किलो मीठ ओतले, तर ते प्रमाण ४५ ग्रॅमच्या वर जाते. औषधाच्या मात्रेचेही तसेच. म्हणून पहिल्यांदा टाकी भरताना बादल्या मोजून वहीत लिहून ठेवाव्यात. मीठही स्वयंपाकघरातले नव्हे, सागरी टाकीसाठी मिळणारेच हवे.

लिटरमागे १२० ते २४० ग्रॅम दगड, असा जुना ठोकताळा आहे. १४० लिटरला १७ ते ३४ किलो. पण भरीव दगड वजनाला भारी आणि कामाला हलका. सच्छिद्र दगड त्याच्या उलट. त्यामुळे सच्छिद्र दगड निवडून खालच्या मर्यादेजवळच राहावे. दगड काचेला न टेकवता, मागून पाणी खेळेल असे रचावेत.

समुद्रातून आणू नका

मालवणच्या किनाऱ्याजवळही प्रवाळ आहेत. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. सहलीहून येताना एखादा प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकण्याचा मोह होतो. पण २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते काढणे, विकणे हा गुन्हा आहे. शिवाय तुटलेला प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात.

त्यावर सोपा उपाय आहे. कृत्रिम सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचे तुकडे घ्यावेत आणि त्यांना विरजण लावावे! दुधाला शेजारणीकडचे चमचाभर दही पुरते, तसे एखाद्या परिचिताच्या निरोगी, चालू टाकीतले मूठभर सिरॅमिकचे तुकडे किंवा बाटलीतले जिवाणू इथे पुरतात. दह्याला एक रात्र लागते. इथे चार ते सहा आठवडे, कधी जास्तही. जिवाणूंना खाद्य म्हणून त्या काळात अमोनियाचे थेंब किंवा चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली असे समजावे.

पुढे बाष्पीभवनाने पाणी घटले की गोडे पाणीच भरावे. कारण उडून जाते ते पाणी, मीठ मागे राहते. मासेही एकदम न आणता, एका वेळी एक-दोनच सोडावेत. मुलांना तेवढे दिवस थांबवणे अवघड खरे. पण रोजची चाचणी आणि वहीतली नोंद त्यांच्याकडेच सोपवली, तर मासा येण्याआधीच त्याची काळजी घ्यायला ती शिकतील.