नवीन डिझाइन आणि चिडलेले वाचक

परवा वेब डिझाइनच्या वर्गात एकीने विचारलं, "सर, साइटचं रूप बदललं की लोक एवढे का भडकतात?"

मी तिला स्लॅशडॉटचा किस्सा सांगितला.

१९९७ साली अमेरिकेत रॉब माल्डाने सुरू केलेली ही तंत्रज्ञानाच्या बातम्यांची साइट. हिरवी पट्टी आणि नुसता मजकूर. दिसायला अगदीच जुनाट!

पण बातमी तिथे निमित्तमात्र. खरी गंमत वाचकांच्या चर्चेत. प्रत्येक प्रतिक्रियेला उणे १ ते ५ गुण, तेही वाचकांनीच द्यायचे. तुम्ही ठरवायचं, किती गुणांच्या वरचं वाचायचं. फालतू बडबड आपोआप गायब.

२०१३ मध्ये मालक कंपनीने 'बीटा' नावाचं नवं रूप आणलं. मोठी चित्रं, भरपूर मोकळी जागा. चर्चेची सोय मात्र लंगडी. फेब्रुवारी २०१४ मध्ये काही वाचकांना न विचारताच तिकडे वळवायला सुरुवात झाली, आणि भडका उडाला.

बातमी कशाचीही असो, खाली बीटाचाच उद्धार! १० ते १७ फेब्रुवारी चक्क बहिष्कार पुकारला गेला.

शेवटी बीटा गुंडाळावा लागला.

'लोकांना बदलच नको असतो' असं आमच्या धंद्यात सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. इथे वाचकांचं रोजचं हत्यारच काढून घेतलं होतं. रंग बदलले असते तर आठवडाभर कुरकुरले असते, इतकंच.

म्हणून मी आधी जुनं रूप चालू ठेवून नवं ऐच्छिक देतो. ग्राहक वैतागतात, खर्च वाढतो. चालायचंच.

तुमच्या रोजच्या साइटचं काय बिघडवलंय? विचारा, जमेल तसं उत्तर देतो.